मामा, हे काऊन होते?

मे महिन्यात घाटंजीत शहाण्या माणसाने दोन गोष्टी कराव्यात. दुपारभर कूलरसमोर आडवं व्हावं आणि तोंड मिटून ठेवावं. पहिली गोष्ट मला उत्तम जमते.

आता तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. आमच्या दारावर पाटी आहे, तिच्यावर माझ्या नावापुढे ‘बी.एस्सी.’ असं लिहिलेलं आहे, आणि ते खोटं नाही. विषयांत भौतिकशास्त्रही होतं. प्रात्यक्षिकाला माझा जोडीदार व्होल्टमीटरवरचे आकडे बघून सांगायचा आणि मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचो. पुढे जोडीदार कुठल्याशा कारखान्यात मोठा साहेब झाला आणि मी माझ्या अक्षराच्या जोरावर जिनिंगमध्ये हिशेब लिहायला लागलो, म्हणजे शिक्षण तसं दोघांचंही कामी आलं. त्या पाटीकडे इतक्या वर्षांत पोस्टमनशिवाय कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मग ती माझ्या भाचीने वाचली.

गुड्डी अमरावतीची. नववीची परीक्षा आटोपून सुटीत मामाकडे आली ती दहावीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’ पिशवीत घालूनच. आमच्या काळी मामाच्या गावी जाणारी पोरं गोट्या आणि गुल्लेर घेऊन जायची. या पुस्तकात चौथा धडा विद्युतधारेच्या परिणामांचा, पाचवा उष्णतेचा आणि आठवा धातुविज्ञानाचा. मधल्या प्रकाशाच्या नि भिंगांच्या धड्यांकडे तिचं लक्ष गेलं नाही, ही गजानन महाराजांची कृपा. पहिल्याच रात्री जेवताना तिने काहीतरी विचारलं आणि हिने कढीची वाटी पुढे सारत म्हटलं, ‘मले काय विचारतं बाई? तुह्या मामाले विचार. बी.एस्सी. आहेत ते.’ हे कौतुकाने म्हटलं की सूड म्हणून, याचा निकाल अजून लागायचा आहे. मी मात्र कौतुक समजून भाताचा आणखी एक घास घेतला.

सुरुवात कूलरपासूनच झाली. ‘मामा, पंख्याची हवा गरम लागते अन् कूलरची थंडी, हे काऊन?’ मी डोळे न उघडता म्हटलं, ‘आत पाणी थंड असते म्हणून.’ ती उठली, टाकीत कोपरापर्यंत हात बुडवला आणि म्हणाली, ‘पाणी तर कोमट आहे.’

माणसाने इथे कूस बदलून घोरायला लागावं. मी स्कूटर काढली. बर्फाच्या लादीचा तुकडा पोत्यात गुंडाळून पायापाशी ठेवला, अर्धा रस्त्याला पाजत आणि अर्धा चपलेत झिरपवत घरी आणला, उरला तो टाकीत सोडला, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या-दारं घट्ट लावली, दाराखालच्या फटीत जुनं धोतर कोंबलं आणि लढाई मारल्याच्या थाटात पलंगावर पडलो. थोड्या वेळाने भिंतींना दम सुटला. मग आम्हाला. उशीचा अभ्रा ओला झाला, कॅलेंडरचा कागद पोक काढून वाकला, कोपऱ्यात सुकवून ठेवलेल्या कुरडया पुन्हा चिकात जायच्या बेताला आल्या, आणि तेवढ्यात हिने बाहेरून दार ढकललं. ‘हे घर आहे का इडलीपात्र?’

गुड्डीने पुस्तक आणून समोर धरलं. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता खातो. तेवढंच पाणी उकळून वाफ होताना ५४० कॅलरी खातं, आणि न उकळता नुसतं सुकताना त्याहूनही जरा जास्त. म्हणजे कूलरच्या ताट्यांवरून ओघळणारं कोमट पाणी हवेत उडून जाताना बर्फाच्या जवळजवळ सातपट काम करत होतं, तेही फुकटात. ‘त्याले फक्त बाहेरची कोरडी हवा लागते अन् आतली ओली हवा जायले वाट लागते, मामा. ते दोन्ही तुम्ही बंद केलं.’ आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की कूलर नुसता चिकचिक का करतो, हे त्या दिवशी उमगलं. तोवर मी दर पावसाळ्यात कूलर विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होतो.

पुढच्या एका प्रश्नाचं उत्तर मला खरोखर येत होतं. तोच प्रश्न मला सगळ्यात महाग पडला. एकाच खोलीतलं लोखंड आणि लाकूड, दोघांचं तापमान सारखं, मग लोखंड हाताला गार का लागतं? मी अंगणात उभा राहून हातवारे करत सांगितलं: धातू उष्णता भराभर वाहून नेतो, लाकूड नेत नाही, तांबं या बाबतीत लाकडाच्या दोन हजार पटींहून तेज, म्हणून धातू आपल्या हातातली उष्णता ओढून घेतो आणि आपल्याला तो गार वाटतो, हे बघ, असा. आणि फाटकाच्या कडीवर तळहात टेकवला. दुपारचे तीन वाजले होते. पुस्तक पुण्यात तयार होतं, तिथल्या कड्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण अंगाचं तापमान ३७ अंश, आमचा मे महिन्याचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि उन्हातली कडी त्याच्याही वर, अशा वेळी उष्णता हातातून लोखंडात जात नाही, लोखंडातून हातात येते, आणि तितक्याच भराभर येते. नियम तोच होता. हात माझा होता.

तळहाताला कोरफड लावून बसल्यावर मी जरा निवांत विषय काढावा म्हणून चुंबक आणलं. आमच्या जिनिंगमध्ये कापूस मशीनवर जायच्या आधी वाटेत चुंबकं बसवलेली असतात. शेतातून, बंडीतून, गाडीतून कापसाबरोबर खिळा येतो, नट येतो, तारेचा तुकडा येतो. तो आत जाऊन घासला तर ठिणगी, आणि ठिणगी रुईच्या गंजीत गेली तर हिशेब लिहायला कोणी उरत नाही. त्यातलाच एक टाकाऊ तुकडा मी गुड्डीला दिला. तिने तो फिरवला आणि विचारलं, ‘लोखंडच काऊन धरते? तांब्यानं काय घोडं मारलं?’ मी म्हटलं, ‘लोखंडात लोह असते ना, म्हणून.’ ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

पुढे कळलं की यात एवढं लाजायचं कारण नव्हतं. १९८३ साली बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर रिचर्ड फाइनमन यांना चुंबकं एकमेकांना का ढकलतात असं विचारलं, तर नोबेल मिळवलेल्या त्या माणसाने आधी ‘का’ या प्रश्नाचीच उलटतपासणी घेतली आणि शेवटी तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने हे मला समजावता येणार नाही, असं साफ सांगितलं. लोखंडाच्या अणूतले काही इलेक्ट्रॉन चिमुकली चुंबकंच असतात आणि शेजारीपाजारी सगळे एका दिशेला तोंड करून उभे राहतात, तांब्यात ते एकमेकांना खोडून काढतात, इथवर येते गाडी. ते तसे का उभे राहतात, याच्यापुढे बी.एस्सी.चं काम नाही.

चुंबक हाती आल्यावर पोरीने मामीचं स्वयंपाकघर धुंडाळलं. स्टीलचा चमचा चिकटला, स्टीलचाच पेला चिकटेना. पेला १८-८ जातीचा, म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि बाकी मुख्यतः लोखंड. गंमत अशी की नुसत्या लोखंडाला चुंबक धरतं, नुसत्या निकेललाही धरतं, पण हे एकत्र नांदायला लागले की अणूंची मांडणी अशी बदलते की चुंबक दाद देत नाही. मग तिने इंडक्शनच्या शेगडीवर जर्मनचा गंज ठेवला. शेगडी टूं टूं करून रुसली. ‘खांबावरच्या तारा ॲल्युमिनियमच्याच असतात, म्हणजे वीज त्यातून मस्त जाते. मंग हा गंज तापत काऊन नाही?’ मी म्हटलं, ‘जर्मन आहे तो, ही शेगडी चिनी आहे.’ कोणी हसलं नाही. वीज मस्त जाते म्हणूनच तापत नाही, ही त्यातली मेख. शेगडीतलं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होतं, त्यामुळे भांड्याच्या बुडात वीज भोवऱ्यासारखी फिरते. लोखंड तिला अडवतं आणि अडवताना तापतं, ॲल्युमिनियम तिला फारसा विरोधच करत नाही. फॅराडेने १८३१ साली हे प्रकरण सुरू केलं. त्याच्या घरी जर्मनचा गंज नव्हता.

इथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची पाळी आली नसती. पण भांड्यांच्या बाबतीत पडलेली बाजू सावरावी म्हणून मी ठासून म्हटलं, ‘एक लक्षात ठेव. सोन्याला चुंबक कधीच चिकटत नाही. खऱ्या-खोट्याची ही पहिली पारख.’ आणि दाखला म्हणून हिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राच्या साखळीवरून चुंबक फिरवत नेलं. डोरल्याला चिकटलं नाही. साखळीला चिकटलं नाही. मानेमागे फाशापाशी आलो आणि ‘टक’ असा आवाज झाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढी शांतता आमच्या घरात कधी पडली नव्हती. कूलरसुद्धा हळू चालायला लागल्यासारखा वाटला. ही काही बोलली नाही, फक्त पदर खोचला. त्यानंतर आम्ही तिघं भर उन्हात सराफाकडे निघालो. पुढे ही, मध्ये गुड्डी, आणि मागे मी, हातात चुंबक घेऊन, म्हणजे मुद्देमालासकट. सराफाने भिंगसुद्धा लावलं नाही. ‘वहिनी, फाशात बारीक स्प्रिंग असते, ते स्टीलची. सोनं मऊ पडते, त्याची स्प्रिंग उसळी मारत नाही.’ एवढं सांगून त्याने थंड पाण्याचे पेले पुढे केले. गुड्डीने वहीत ‘सोने मऊ, स्प्रिंग स्टीलची’ असं टिपून घेतलं. हिने मात्र आल्यासरशी कानातले, अंगठी आणि पाटल्याही तपासून घेतल्या. सोनं खरं निघालं. नवरा अजून तपासणीवर आहे.

आता मोटर. पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली, त्यातली ही सगळ्यात सोपी. एक सेल, त्याच्या दोन टोकांना रबराने बांधलेल्या दोन सेफ्टी पिना, वर एक चुंबक, आणि पिनांच्या भोकांत तांब्याच्या वार्निश मारलेल्या तारेचं वेटोळं. बस. सेल मी भिंतीवरच्या घड्याळातून काढला, त्यामुळे त्या संध्याकाळी आमच्या घरी पावणेचारच वाजून राहिले होते. पिना मामीच्या साडीच्या. वार्निश तारेच्या टोकांवरचं खरवडायचं असतं, ते मी ब्लेडने दोन्ही टोकांचं असं चकचकीत काढलं की पुन्हा कोणी नाव घेऊ नये. वेटोळं पिनांत बसवलं. ते थरथरलं, अर्धं वळलं, परत आलं, आणि मानेने ‘नाही, नाही’ म्हणत उभं राहिलं. मी सेल उलटा लावला. चुंबक पालथं घातलं. बोटाने ढकललं. मोटरला माझ्याविषयी जे मत द्यायचं होतं ते ती देत राहिली.

शेवटी बाजारातल्या एका मोटर वायंडिंगच्या दुकानात गेलो, कारण तार तिथूनच आणली होती. मिस्त्री खाली बसून जळलेल्या पंपाची मोटर उघडत होता. आतल्या खाचांतून काळे पडलेले तारांचे जुडगे तो पक्कडीने उपसून काढत होता, जळक्या वार्निशचा वास दुकानभर पसरला होता, लाकडी साच्यावर नवीन तारेचे वेढे अर्धे भरून ठेवले होते, आणि तार ताणून ताणून त्याच्या अंगठ्याच्या पेरावर एक कायमची चीर पडली होती. त्याने आमचं वेटोळं हातात घेतलं आणि एकदाच पाहिलं. ‘दोन्हीकडचं पुरं सोललं व्हय? मंग ते अर्ध्या फेऱ्यात पुढं ढकलते अन् अर्ध्या फेऱ्यात मांगं. एका टोकाचं अर्ध्याच अंगाचं काढा. अर्धा फेरा करंट, अर्धा फेरा सुट्टी.’ नवीन वेटोळं करून त्याने ब्लेडचा एक हात फिरवला, पिनांत ठेवलं, आणि ते भिंगरीसारखं सुटलं. वर्गात ज्याला दिक्परिवर्तक म्हणतात त्याचं काम ते अर्धं वार्निश करत होतं. त्या दिक्परिवर्तकाची आकृती मी परीक्षेत फार सुरेख काढली होती.

गुड्डीला एवढ्याने थोडंच पुरतं? तिने जळलेल्या मोटरीकडे बोट दाखवलं. ‘ही कायनं जळली?’ बाकावर बसलेला शेतकरी म्हणाला, ‘होल्टेज कमी होतं रात्री.’ गुड्डीने माझ्याकडे पाहिलं, आणि मी, म्हणजे बघा, गप्प बसायचं ना? मी हसून म्हटलं, ‘कमी व्होल्टेजनं कशी जळेल? जळते ती जास्त व्होल्टेजनं.’

दुकानात होते तेवढे सगळे काम थांबवून माझ्याकडे बघायला लागले. चहा घेऊन आलेला पोऱ्यासुद्धा.

मिस्त्रीने पक्कड खाली ठेवली. ‘भाऊ, होल्टेज कमी झालं म्हून पानी हलकं होते का? विहिरीतून चढवाचं तर तेवढंच हाय. मंग मोटर दमते, स्पीड पडते, अन् तेवढंच काम उरकाले करंट जास्त वढते. करंट वाढला का वायंडिंग तापली. वार्निश जळलं का तार तारीले लागली. अन् सुरू करतानीच होल्टेज पडेल असन तर फिरतच नाही, नुसती हुं हुं करते अन् जागच्या जागी जळते.’ गुड्डी भराभर लिहून घेत होती. ‘म्हणजे जूलचा नियम. करंट दुप्पट तर उष्णता चौपट.’ मिस्त्री म्हणाला, ‘हा जूल कोन हाय?’ ती म्हणाली, ‘इंग्लंडचा होता. घरचा बियरचा कारखाना होता त्याच्या.’ मिस्त्रीने मान डोलावली. ‘मंग त्याले समजलं असन बराबर.’

मग त्याने मला अदबीने विचारलं, ‘तुमी काय करता भाऊ?’ मी तोंड उघडायच्या आत गुड्डी म्हणाली, ‘मामा बी.एस्सी. आहेत.’ त्याने स्टूल फडक्याने पुसून पुढे केलं. मी उभाच राहिलो.

यानंतर मी शहाणा झालो असेन असं तुम्हाला वाटेल. जायच्या थोडं आधी तिने विचारलं, ‘गरम पाणी थंड पाण्याच्या आधी गोठते का?’ मी पोट धरून हसलो. हिला हाक मारून सांगितलं, पुन्हा हसलो. पोरगी शांतपणे म्हणाली, ‘मामा, हे विचारणाऱ्यावर असेच सगळे हसले होते.’ १९६३ साली आजच्या टांझानियात एरास्टो मपेंबा नावाच्या शाळकरी मुलाने आइस्क्रीमसाठी उकळलेलं दूध घाईघाईत निवू न देताच फ्रीजरमध्ये ठेवलं आणि ते शेजारच्याच्या न उकळलेल्या थंड दुधाआधी गोठलं. मास्तरांनी त्याला ‘हे मपेंबाचं भौतिकशास्त्र’ म्हणून वर्गात उडवलं. पुढे शाळेत व्याख्यानाला आलेल्या डेनिस ऑस्बोर्न या प्राध्यापकांना त्याने भर सभेत तेच विचारलं, त्यांनी प्रयोग करून पाहिला, आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने निबंध छापून आला. आजही भांडण मिटलेलं नाही. २०१६ मध्ये काहींनी काळजीपूर्वक मोजून असं काही होत नाही म्हणून सांगितलं, तर दुसरे बाष्पीभवनाकडे, पाण्यात विरघळलेल्या हवेकडे बोट दाखवतात.

मी लगेच दोन सारख्या वाट्यांत पाणी घेतलं, एकीत गरम, एकीत माठातलं, आणि फ्रीजरमध्ये ठेवल्या. लाइन गेली. आली तेव्हा दोन्ही वाट्या सारख्याच कोमट होत्या. पुन्हा ठेवल्या, तर हिने आंब्याच्या रसाला जागा हवी म्हणून एक वाटी बाहेर काढली, आणि कुठली काढली हे तिला आठवेना. गुड्डी अमरावतीला गेली आणि निकाल राहिला तो राहिलाच.

म्हणून तुम्हाला विनंती. तुमच्याकडे लाइन जरा बरी राहत असेल तर एवढं करून बघा. वाट्या सारख्या, पाणी मोजून सारखं, दोन्ही फ्रीजरच्या एकाच खणात, आणि कोणती आधी गोठली ते दिवाळीच्या आत मला कळवा. दिवाळीला ती पुन्हा येते आहे आणि भिंगांचा धडा काढलाय असं बहिणीने फोनवर सांगितलं. काचेची बाटली मात्र तोंडापर्यंत भरून फ्रीजरमध्ये ठेवू नका. काऊन, ते गुड्डीला विचारा. काचा कशा वेचायच्या, एवढं मी सांगू शकेन.